काकाच्या आधी

१३ जून १९८३, सोमवार

मिळाली एकदाची नोकरी! दिवाळीत ह्यांच्या बँकेनं मद्रासला बदली केली आणि अमरावतीच्या कन्याशाळेतली माझी पक्की नोकरी गेली. तेव्हापासून पश्चिम मांबळमच्या या दोन खोल्यांत बसून पाण्याच्या लॉरीची वाट पाहण्याखेरीज मी काही केलेलं नाही. आता सैदापेटच्या एका इंग्रजी शाळेत बदली शिक्षिका. कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, देव तिचं भलं करो.

मुख्याध्यापिका मिसेस चंद्रमौळी. ताठ बांधा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हसणं बहुधा रविवारी घरी. त्यांनी काम सांगितलं. तमिळ माध्यमातून थेट सहावीत आलेली काही मुलं आहेत. दुपारचा शेवटचा तास त्यांचा वेगळा घ्यायचा आणि त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायचं. सप्टेंबरात बाई स्वतः तोंडी परीक्षा घेणार. बोलेल तो सहावीत राहील, नाही बोलणार तो पाचवीत जाईल. फाटकाच्या आत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालत नाही, हेही बजावलं.

मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला तमिळ येत नाही. म्हणाल्या, मग तर फारच उत्तम.

हे म्हणतात, "तमिळ येत नाही म्हणून मद्रासमध्ये नोकरी मिळालेली तू पहिलीच." हसू देत. हसतील त्यांचे दात दिसतील.

१६ जून, गुरुवार

वर्ग पाहिला. मुलं गोड आहेत, पण सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. "समजलं का?" "यस मिस!" "तुझं नाव काय?" "यस मिस!" "तू गाढव आहेस का?" हे मी विचारलं नाही, पण उत्तर ठाऊक आहे.

माझी पद्धत ठरलेली आहे. एक म्हणजे पूर्ण वाक्य. दुसरं म्हणजे चूक झाली की तिथल्या तिथे थांबवायचं आणि नीट म्हणून घ्यायचं. चूक एकदा रुजली की तणासारखी पसरते. एम.ए.ला आमच्या सरांनी माझे उच्चार असेच घासूनपुसून घेतले होते.

आणि गंमत म्हणजे वर्गात दोन मराठी मुलं निघाली! तंजावरची. भोसल्यांच्या राज्याबरोबर यांचे पूर्वज इकडे आले ते इकडचेच झाले. व्हरांड्यात "पाणी प्यालांस कां?" असं कानावर पडलं आणि मी जवळजवळ उडीच मारली. नियम मोडून त्यांच्याशी मराठीत बोलले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मिस, तुम्ही बोलतां तें पुस्तकासारखें असे." आता ही तक्रार की कौतुक, कळलं नाही.

मुलीचं नाव तुळजा, मुलाचं जनकोजी. दोघं एकाच बाकावर. ती चांगली उंच आणि तो दप्तराएवढा. मुलगी आगाऊ दिसते. त्या बिचाऱ्याला चक्क "काका" म्हणून चिडवते! मी तिला उभं केलं आणि सांगितलं, वर्गात कुणाची चेष्टा चालायची नाही, नावानं हाक मारायची. तिनं मान खाली घातली. त्यानंतर तासभर तिनं त्याला हाकच मारली नाही. एका दिवसात वळण लागलं म्हणायचं.

२८ जून, मंगळवार

जनकोजीचं घोडं पहिल्याच शब्दाला अडतं. आज त्याला विचारलं, तू शाळेत कसा येतोस? "आय... आय वॉकिंग..." मी थांबवलं. "आय वॉक." पुन्हा, "आय वॉक, स्कूल..." मी थांबवलं. "टू स्कूल." मग तो खालीच बसला. नंतर तुळजाला तोच प्रश्न. ती उभी राहिली, आधी जनकोजीकडे पाहिलं, मग छताकडे, आणि गप्प. रोज हेच चाललंय.

खरी भानगड अशी की तिची वही पाहिली तर एक चूक सापडत नाही. लिहिताना मोत्याचा दाणा आणि बोलताना दगड! घरी कुणीतरी लिहून देत असणार. वर्गात ती जनकोजीकडे बघते ते उत्तर ढापायलाच. आता त्याच्याकडे ढापण्यासारखं आहे काय, हा वेगळा प्रश्न. तरी मी दोघांचे बाक वेगळे केले. आता ती मान वळवून बघते, एवढाच फरक.

५ जुलै, मंगळवार

शेजारच्या कनका मामींकडे तमिळ शिकायला जात होते, ते सोडलं. माणूस मायेचं आहे, पण मी तोंड उघडलं की मामी थांबवतात. "अप्पडि इल्ल, अप्पडि इल्ल." असं नाही, असं नाही. एक साधं "दही हवंय" म्हणायला मला चारदा मागे जावं लागलं. शेवटी दही नकोच वाटायला लागलं. त्यांच्याकडे निरोप द्यायला आता हे जातात. माझं काय अडलंय!

१९ जुलै, मंगळवार

चंद्रमौळीबाईंनी बोलावून विचारलं, "त्या मराठी मुलीला आत्ताच पाचवीत बसवू या का?" मी परीक्षेपर्यंत मुदत मागितली. आपली मुलगी म्हणून नव्हे, पण हरल्यासारखं वाटलं म्हणून. रविवारी तिच्या घरी जाऊन वही कोण लिहितं तेच बघते.

२४ जुलै, रविवार

आज माझा जो काही पचका झाला आहे, तो ही वही सोडून कुणाला सांगणार नाही.

सैदापेटच्या एका गल्लीत त्यांचं घर. घरात माणसंच माणसं. तुळजाचे वडील मानाजीराव बंदरावरच्या कचेरीत कारकून आहेत. गृहस्थ फार अदबीचा. मी आल्याचा त्यांना कोण आनंद! "महाराष्ट्राकडील माणूस आमचे घरीं आलें," असं चारचारदा म्हणाले. आत हाक मारली, "जनकोजी, येऊन मिसांस नमस्कार कर." मी विचारलं, हाही तुमचाच का? तर म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असे. आईचें शेवटचें लेकरूं. तुळजा झाली त्याच वर्षीं, तिच्या मागून, हा झाला."

म्हणजे तो खरोखरच काका! आणि मी त्या पोरीला भर वर्गात उभं करून काकाला नावानं हाक मारायला लावत होते. धरणी दुभंगली असती तर मी पदर खोचून उडी मारली असती.

इडल्या आल्या. आधी जनकोजीच्या पानावर. तुळजा भिंतीशी उभी. त्यानं पहिला घास घेतला तेव्हा ती बसली. कुणी तिला सांगितलं नाही, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. इथली रीतच तशी दिसते.

मानाजीराव म्हणाले, "बाप गेल्यावरी मीच याचा बाप. मरतेवेळीं त्यांनीं याचा हात माझे हातीं दिला. दर सांजे मी दोघांस पुसतों, आज वर्गांत कोण बोललें? पुतणी पुढें आणि काका मागें, असें झालें तर याला मान कोण देईल? तसें झालें तर साळा पुरे, तंजावरास मामाचे तेलाचे दुकानीं बसवीन." मी विचारलं, आणि तुळजा मागे पडली तर? ते म्हणाले, "ती खालीं गेली तर घरीं राहील. मुलगी असे. काय करणें!"

मी खरं ते सांगितलं, की सध्या दोघंही सारखीच मुकी आहेत. यावर माणूस चिडावा ना? मानाजीरावांचा चेहरा उजळला. दाराआड तुळजा उभी होती, तिनंही सुस्कारा टाकला. आमची मुलं मुकी आहेत म्हटल्यावर खूश होणारं घर मी पहिल्यांदा पाहिलं. वहीचं विचारायचं राहूनच गेलं. घरात इंग्रजी लिहिणारं दुसरं कुणी दिसलं मात्र नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

तुळजा बोलली! बोलली म्हणजे काय, धबधबा सुटला! मी रविवारी बसून बाजाराचं एक मोठं चित्र काढलं होतं, त्यात भाजीवाली, म्हैस, पोलीस, सगळं. ते भिंतीवर लावलं, आणि बघते तर तुळजाचा हात वर! म्हैस कुठे उभी आहे, पोलीस तिला का हाकलत नाही, भाजीवालीच्या मनात काय चाललंय, सगळं पूर्ण वाक्यांत. व्याकरण माझ्यासारखं. जनकोजी तापानं घरी आहे, नाहीतर त्यालाही फायदा झाला असता.

चित्राची पद्धत रामबाण आहे. मी लगेच चंद्रमौळीबाईंना सांगून आले. त्या परवा वर्गावर येणार आहेत.

११ ऑगस्ट, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण.

बाई येऊन मागे बसल्या. चित्र लावलं. जनकोजी ताप उतरून आला होता, अजून सुकलेलाच. मी ऐटीत त्याला पहिला प्रश्न केला, त्याला आला नाही. मग तुळजाला केला. ती उभी राहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा दगड. तीच म्हैस, तोच पोलीस! मी चारदा विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. बाई उठून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "छान चित्र आहे."

१२ ऑगस्ट, शुक्रवार

शाळा सुटल्यावर जनकोजी एकटा आला. आजूबाजूला पाहून मराठीत म्हणाला, "मिस, मला पाचवींत घाला."

का रे बाबा?

"तिला सारें येतें. मी बोलत नाहीं म्हणून ती बोलत नाहीं. काकाचे आधीं कशी बोलेल? आणि बोलली तर अण्णा मला तंजावरास धाडील, हें ती जाणते. मी खालच्या वर्गांत गेलों तर ती इथें सुखें बोलेल."

"आणि मानाजीरावांनी तुला तंजावरला पाठवलं तर?"

"सेरी," म्हणाला. म्हणजे चालेल. आणि मग त्याचा ओठ थरथरायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं. त्या घरी जाऊन इडल्या खाऊन आले, सगळं डोळ्यांसमोर घडलं, आणि मला दिसलं नाही! पोरगी इतके दिवस पाचवीचं संकट अंगावर घेऊन गप्प उभी राहिली, आणि मी तिला कॉपी करणारी ठरवलं. फार लाज वाटली.

घरी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या काकालाच बोलतं कर."

म्हटलं, तो पहिल्या शब्दालाच गप्प होतो.

"का गप्प होतो?" आणि मग, अगदी सहज, "तू मामींकडे जायचं का बंद केलंस गं?"

मी दोन तास त्यांच्याशी बोलले नाही. अतिशहाणा माणूस. पण खरं बोलला.

२२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून चुका थांबवायच्या नाहीत असं ठरवलं. किती अवघड आहे हे! जीभ दातांखाली धरून बसले होते.

जनकोजीला चित्रातलं काही विचारलं नाही. त्याच्या घरचं पाणी तोच आणतो, तेव्हा विचारलं, आज लॉरी आली का? तो उठला. मी थांबवीन म्हणून थोडा थांबला. मी थांबवलं नाही. मग हळूहळू, "मिस, लॉरी कम. ऑल लेडी रन. वन लेडी पॉट मिस्सिंग. शी शाउट. पोलीस कम. शी पोलीस आल्सो शाउट!" वर्ग हसून लोळला. पण त्याला हसले नाहीत, त्या बाईला हसले. तोही हसला. मग घागर कुठे सापडली, कुणी लपवली होती, हातपंपापाशी काय झालं, सगळं हातवारे करून सांगितलं. एकही वाक्य धड नव्हतं आणि मला सगळं समजलं.

तो बसला आणि तुळजाचा हात वर झाला. मी "येस, तुळजा" म्हटलं. ती म्हणाली, "येस मिस. लॉरी कम. लेडी शाउट."

त्याच्याच चुका, जशाच्या तशा. जिला ते वाक्य झोपेतही नीट म्हणता येईल, ती! पण बोलली, हे काय कमी आहे.

७ सप्टेंबर, बुधवार

जनकोजी आता थांबता थांबत नाही. आज त्यानं वाटेतल्या रसाच्या दुकानावरचं भांडण सांगितलं आणि त्यात एकदा आपणहून "वॉज" घातला. मी टाळ्या वाजवल्या, त्याला कशाबद्दल ते कळलं नाही.

तुळजा मात्र त्याच्या मागोमाग, त्याच्याच शब्दांत. त्याच्याइतकंच, रेसभरही जास्त नाही. पोपट म्हणतील तिला परीक्षेत. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, नीट बोललीस तरी काका रागावणार नाही. ती म्हणाली, "रागावणार नाहीं, मिस. पण त्यांना लहान वाटेल." काकाला "त्यांना"!

ताजा कलम: मामींकडे गेले होते. चुकीचं तमिळ रेटून बोलले आणि दही घेऊन आले.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळं सविस्तर लिहायचं आहे, विसरायच्या आत.

तोंडी परीक्षा बाईंच्या खोलीत. मी कोपऱ्यात खुर्चीवर, तोंड न उघडण्याच्या अटीवर. एकेक मूल आत येई, बाकीची दाराबाहेर ओळीत.

जनकोजी आला. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, तुझ्या घराविषयी बोल. "माय हाउस स्मॉल, मिस. पीपल मेनी. मॉर्निंग आय गो वॉटर..." मग सुटलाच. बाईंची भुवई प्रत्येक वाक्याला वर जात होती, पण तो भुवईकडे बघतच नव्हता. शेवटी बाई मला म्हणाल्या, "व्याकरणाची शोकांतिका आहे. पण बोलतो." आणि सहावी लिहिलं. एक जिंकला!

मग तुळजा. तोच प्रश्न. तिनं दाराकडे पाहिलं आणि सुरू केलं, "माय हाउस स्मॉल, मिस. पीपल मेनी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्याचं म्हणू नकोस, तुझं सांग. "मॉर्निंग... गो वॉटर," तुळजा म्हणाली. बाई माझ्याकडे वळल्या. "ही नुसती पाठ करते. मी वाट पाहिली, आता पाचवी." पेन पुन्हा उचललं. मी अट विसरून बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दार ढकलून जनकोजी आत आला. न विचारता! छाती पुढे, हात मागे, अगदी मानाजीराव. आणि बाईंच्या खोलीत, खणखणीत मराठीत:

"तुळजा! काय हें? तुला येतें तें बोल."

ती घाबरून म्हणाली, "तुम्हांस..."

"मला कांहीं होत नाहीं. मी बोललों असें, मी सहावींत असें. आतां तूं बोल. काका सांगतो तें ऐकायचें कीं नाहीं?"

"ऐकायचें."

"मग बोल."

तुळजानं डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि बाईंकडे वळून स्वच्छ, सावकाश इंग्रजीत बोलायला लागली. आमचं घर लहान आहे पण माणसं पुष्कळ आहेत. मला अभ्यास करता यावा म्हणून माझे काका उजाडायच्या आत पाण्याच्या रांगेत उभे राहतात. ते माझ्याहून लहान आहेत, पण ते माझे काका आहेत, म्हणून मी त्यांच्यासाठी थांबले होते. माफ करा मिस, मला आधीपासून येत होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जनकोजीला विचारलं, तू तिला काय म्हणालास? तो म्हणाला, "आय टोल्ड टॉक, मिस. आय अंकल." मी चूक काढली नाही. बाईंनीही नाही. तुळजाच्या नावापुढे सहावी लिहिलं, आणि फाटकाच्या आत मराठी बोलल्याबद्दल त्याला काहीच शिक्षा केली नाही. त्यांचं हसणं रविवारचं असतं असं मी म्हणत होते, ते आज शुक्रवारी पाहिलं.

खरी धास्ती पुढे होती. फाटकाशी मानाजीराव कचेरीतून लवकर सुटून उभे. रोजचा प्रश्न त्यांनी तिथेच केला, "कोण बोललें?"

तुळजा गप्प. जनकोजी म्हणाला, "आधीं मी बोललों. मग मी आज्ञा केली, ती बोलली. ती माझ्याहून चांगलें बोलली."

मानाजीराव माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दोघंही सहावीत. तुमच्या भावानं स्वतः पुतणीला बोलतं केलं. आज त्याला साऱ्या शाळेत मान आहे." ते भावाच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि एवढा मोठा माणूस भर रस्त्यात डोळे पुसायला लागला. "बाबांनीं पाहायला हवें होतें," म्हणाले.

मी संधी साधली. विचारलं, "मग उद्यापासून वर्गात ती आधी बोलली तर चालेल ना?"

त्यांनी विचार केला, आणि उत्तर स्वतः न देता त्या दप्तराएवढ्या पोराला विचारलं, अगदी बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं, "काय, चालेल?"

"चालेल," काका म्हणाला.

ती तिघं निघाली. मी फाटकाला धरून उभी राहिले आणि खूप दिवसांनी पोटभर रडले. सुटले! तिकडे तुळजा त्या दोघांच्या मधून चालत इंग्रजी, तमिळ, मराठी जे तोंडाला येईल त्यात बोलत सुटली होती, आणि काका मान डोलावून ऐकत होता.